निवृत्तिवेतनाचे कागद : वसई-विरार महानगरपालिकेच्या निमित्तानें

सोपारें येथें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा सांपडला, हें वाचकांस ठाऊक आहेच. त्या शासनाचा पूर्ण पाठ इतर ठिकाणच्या प्रतींवरून लावतां येतो. धर्मयात्रेंत राजा वृद्धांची भेट घेई व त्यांस सुवर्ण देई, असा त्यांत आशय आहे. तो दगड जेथें निघाला ती भूमि आज वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. आणि अशा संस्थेच्या वृद्ध सेवकास काय मिळतें व तें कोणत्या कागदावर अवलंबून असतें, हा प्रस्तुत टिपणाचा विषय. विषय अर्वाचीन म्हणून कोणीं नाक मुरडूं नये. प्रश्न अखेर दप्तराचाच आहे.

अशोकाचें तें दान होतें, हक्क नव्हे. हक्काची भाषा शुक्रनीतींत येते. ज्याचीं चाळीस वर्षें सेवेंत गेलीं त्यास पुढें कामावांचून अर्धें वेतन हयातीपर्यंत द्यावें. मागें मुलगा लहान व असमर्थ असल्यास त्यास, किंवा पत्नीस अगर कन्येस, त्याच्याही निम्में द्यावें, असा तेथील भावार्थ. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां आम्ही हे श्लोक मोठ्या अभिमानानें सांगत होतों. पुढें लल्लनजी गोपाल यांचें मत वाचनांत आलें, कीं उपलब्ध शुक्रनीति ही एकोणिसाव्या शतकांतील रचना असावी. हें मत सर्वांस मान्य नाहीं. परंतु विधवेच्या वेतनापर्यंत पोंचणारा इतका रेखीव नियम जुन्या ताम्रपटांत आमच्या तरी पाहण्यांत आला नाहीं, आणि म्हणून आमचा कल आतां त्या मताकडे आहे. अभिमान थोडा उतरला, इतकेंच.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांचें तत्त्व या पाठाहून दूर नाहीं : किमान दहा वर्षांची सेवा, शेवटच्या वेतनाच्या निम्म्यापर्यंत रक्कम आमरण, आणि मागें राहिलेल्या पतीस वा पत्नीस कुटुंबनिवृत्तिवेतन. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्यसेवेंत लागणाऱ्यांस मात्र हे नियम राहिले नाहींत. वेतन व महागाई भत्ता यांतून दहा टक्के कापावयाचे, त्यांत शासनाचा वाटा घालून निधि गुंतवावयाचा, व जें सांठेल त्यावर वार्धक्य काढावयाचें, अशी व्यवस्था आली. पूर्वीं फळ निश्चित होतें. आतां वर्गणी तेवढी निश्चित. मुंबई महानगरपालिकेंत हीच सीमारेषा ५ मे २००८ ही आहे, म्हणजे संस्थेगणिक तारीख निराळी. मार्च २०२३ मध्यें जुन्या पद्धतीसाठीं राज्यभर संप झाला, व ऑगस्ट २०२४ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें केंद्राच्या एकीकृत योजनेस मान्यता दिली. तिच्या केंद्रीय रूपांत पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाचा निम्मा भाग ठरलेला आहे. अर्धें वेतन परत आलें!

आमच्या मतें या सर्वांत मार्मिक कागद २ फेब्रुवारी २०२४ चा शासननिर्णय होय. जाहिरात वा अधिसूचना १ नोव्हेंबर २००५ पूर्वीं निघाली, पण नेमणूक मागाहून झाली, अशा राज्य सरकारी कर्मचाऱ्यांस जुने नियम निवडण्याची एकवेळची मुभा त्यानें दिली. नेमणुकीच्या पत्राहून वृत्तपत्राचें कात्रण प्रबल ठरलें.

आतां वसई. ३ जुलै २००९ रोजीं वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गांवें मिळून ही महानगरपालिका झाली. १९९० च्या सुमारास एखाद्या नगरपरिषदेंत लागलेल्या सफाई कामगाराच्या सेवापुस्तकाचा पूर्वार्ध एका दप्तराचा, तर उत्तरार्ध दुसऱ्या दप्तराचा. जन्मतारीख, रुजू होण्याची तारीख, सेवेंतील खंड, वेतननिश्चिति या नोंदी निरनिराळ्या हातांच्या व निरनिराळ्या शाईच्या. साक्षांकनाची सही नसली तर तेवढी सेवा संशयित. पोथीचे पाठ जुळवितांना आपण जी कसोटी लावतों तीच येथें लावावी लागते : मूळ हात कोणता, मागाहून घातलेलें कोणतें, शेजारचा पुरावा काय म्हणतो. शेजारचा पुरावा म्हणजे हजेरीपट, वेतनपट, भविष्यनिर्वाह निधीची खतावणी व नेमणुकीचा ठराव.

याचा आम्हांस अनुभव आहे. आमच्या सेवापुस्तकाचीं दोन पानें वाळवीनें खाल्लीं होतीं, व संबंधित कार्यालयानें तीन वर्षांची सेवा आढळत नाहीं असें लिहून दिलें. शेवटीं एका जुन्या वेतनपटावर आमचीच सही सांपडली आणि निवृत्तीनंतर अकरा महिन्यांनीं निवृत्तिवेतन सुरू झालें. शिक्षकास हा शोध जमला. अंगठा उठविणाऱ्या कामगारासाठीं तो कोण करणार?

संग्राहकांस एक विनंति आहे. वसई, आगाशी, निर्मळ, सोपारें येथील घरांत जुन्या नगरपरिषदांचे छापील अहवाल, ठरावांच्या प्रती, किंवा २००५ पूर्वींच्या नोकरभरतीच्या जाहिराती असलेलीं स्थानिक वृत्तपत्रें असल्यास तीं रद्दींत घालूं नयेत. तारीख व पृष्ठ टिपून यादी मंडळाकडे पाठवावी; मूळ कागद मालकाकडेच राहूं द्यावा.