ट्रॉलीच्या चाकात हवा किती असावी?

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथील बाजार समित्यांपुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. रांगेतल्या मालकाला सोयाबीनचा भाव विचारा, तो तोंडपाठ सांगेल. ट्रॉलीच्या चाकात हवा किती आहे असे विचारा, तर 'मागेच भरून घेतली' एवढेच उत्तर मिळते. टामीने टायर ठोकून आवाज ऐकणे हीच आपल्याकडची तपासणी! त्या आवाजावरून बसलेले चाक कळते. पंधरा-वीस पौंडांची तूट कळत नाही. आणि नवा टायर वेळेआधी भंगारात जाण्यास तेवढी तूट पुरेशी असते.

वास्तविक ट्रॉलीचे ओझे रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू दबते आणि पुन्हा सरळ होते. या वाकण्याने आतले धागे तापतात, थर सुटू लागतात आणि ऑक्टोबरच्या भर उन्हात, भरल्या ट्रॉलीखाली टायर फुटतो. ट्रॉली एका अंगाला कलते. पोत्यांवर मजूर बसलेले असतात; बसू नये हे सर्वांना ठाऊक असूनही बसतात.

पहिली चूक होते ती ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाचा आकडा ट्रॉलीला लावण्याची. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला शेतात साधारण बारा ते सोळा पौंड हवा चालते. ट्रॉलीच्या जाड टायरला त्याच्या कितीतरी पट लागते. ती नेमकी किती, हे टायरच्या बाजूवरच उठवलेले असते: जास्तीत जास्त इतके किलो, इतक्या दाबाला. आकडा किलोपास्कलमध्ये असल्यास त्याला सुमारे सातने भागावे. 550 किलोपास्कल म्हणजे जवळपास 80 पौंड.

आता आपले ओझे किती? त्यासाठी काट्याची पावती आहेच, मात्र तिच्यात बहुधा ट्रॅक्टरचेही वजन धरलेले असते. म्हणून एकदा काटेवाल्याला विनंती करून फक्त ट्रॉलीची चाके काट्यावर घ्यावीत. समजा, चार चाकांच्या भरल्या ट्रॉलीचे वजन 7,200 किलो आले. म्हणजे चाकामागे 1,800. पण माल कधीच सारखा पसरत नाही, तेव्हा दहा टक्के वाढवून 1,980 धरावे. टायरवर 2,000 किलोची मर्यादा असेल, तर तिथे लिहिलेला पूर्ण दाब ठेवावा. मर्यादा 1,700 असेल, तर मात्र हवा वाढवून उपयोग नाही. माल कमी करणे किंवा टायर बदलणे हाच मार्ग. 'दहा पौंड जास्त मार' म्हणणारे इथेच फसतात.

हवा सकाळी, चाके थंड असताना मोजावी. तापमान दहा अंशांनी वाढले की 80 पौंडांच्या टायरमध्ये सुमारे तीन पौंड वाढतात, आणि धावून तापलेल्या टायरमध्ये याहून अधिक. दुपारी मीटर जास्त दाखवतो म्हणून हवा सोडून दिली, तर दुसऱ्या दिवशी तीच तूट होते. पावसाळाभर उभी राहिलेली ट्रॉली पहिल्या खेपेआधी तपासलीच पाहिजे.

टायर स्वतःही बोलतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती, मध्येच झिजला तर जास्त होती. रिकामी ट्रॉली पूर्ण हवेवर उड्या मारते, हे खरे. पण हंगामात दर खेपेला हवा कमी-जास्त करणे कोणाला जमणार? भरल्या ओझ्याचाच दाब ठेवलेला बरा.

या जिल्ह्यात टायर-पंक्चरच्या धंद्यात आपल्या समाजातील पुष्कळ तरुण आहेत. त्यांना एक सांगणे आहे. कॉम्प्रेसरच्या पाइपावरचा जुना मीटर वर्षानुवर्षे आपटून चुकू लागतो. एक चांगला मीटर वेगळा ठेवावा आणि पाइपावरचा त्याच्याशी अधूनमधून ताडून पाहावा. मापात कमी देऊ नये ही आपल्या दीनची शिकवण हवेलाही लागू आहे; गिऱ्हाईकाची गाडी ही आपल्याकडे अमानत असते. हवा भरल्यावर आकडा त्याला दाखवावा, व्हॉल्व्हला थुंकी लावून गळती पाहावी, टोपण बसवावे. आणि स्टेपनी असेल तर तिचीही हवा तेव्हाच बघावी, ती नेहमी विसरली जाते.