नो कॅप म्हणजे थाप नाही!



परवा वर्गात एक मुलगा म्हणाला, "गृहपाठ केलाय, नो कॅप!" मागे बसलेल्या आजींनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. टोपी नव्हतीच, मग सांगायचं कशाला?

आम्ही फळ्यावर अर्थ लिहिला. कॅप म्हणजे थाप. नो कॅप म्हणजे खरंच सांगतोय. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून हा शब्द सगळीकडे पसरला. आजी हसून म्हणाल्या, "हात्तिच्या! आपणही फसवलं की टोपी घातली म्हणतोच ना!" या दोन टोप्यांचं नातं नाही बरं का, पण आजींना शब्द कळला.

असे शब्द येतात कुठून? कधी मोठा शब्द कापून. 'रिझ' म्हणजे समोरच्यावर छाप पाडण्याची हातोटी. तो 'करिझ्मा'च्या मधल्या भागातून आला असं मानतात. ऑक्सफर्डने त्याला २०२३ चा शब्द ठरवलं. कधी जुनाच शब्द नव्याने चमकतो. २०२४ चा शब्द 'ब्रेन रॉट' थोरोने 'वॉल्डन' या पुस्तकात १८५४ सालीच वापरला होता!

मग शब्दकोशात शब्द कोण घालतं? परवानगी कोणीच देत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या मेरियम-वेब्स्टरचे संपादक सतत वाचत असतात. पुष्कळ लोक, पुष्कळ ठिकाणी, एकाच अर्थाने शब्द वापरू लागले की तो कोशात येतो. बाकीचे विरून जातात.

आपले शब्दही असेच इंग्रजीत गेले. 'मंगूस' म्हणजे आपलं मुंगूस. ते सतराव्या शतकातच तिकडे पोचलं. आपली 'चाळ' २०२० साली ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशात आली.

थोडक्यात, जो शब्द वापरात, तो जिवंत. 'कॅप' जगवायला शाळेतली सगळी मुलं आहेत. पण 'थाप', 'हातोटी', 'हात्तिच्या' इथे कोण बोलणार? ते आपल्याच घरात बोलले गेले तर टिकतील.

म्हणून पुढच्या रविवारचा गृहपाठ: मुलांनी शाळेतला एक नवा शब्द आणून त्याचा अर्थ मराठीत सांगायचा. आईबाबांनी आपल्या कॉलेजातला एक आणायचा. 'भंकस' आणि 'झकास' चालतील! मुलांच्या शब्दांना नाक मुरडायचं नाही, आणि मोठ्यांच्या शब्दांना हसायचं नाही.

आम्ही वाट पाहतोय. नो कॅप!