हात मोकळे ठेवून स्तनपान : बेबी कॅरियर निवडताना आधी श्वासाचा विचार

बाळाला अंगाशी बांधून दूध पाजता येईल आणि त्याच वेळी दोन्ही हात कामाला मोकळे राहतील, या आश्वासनावर आज अनेक बेबी कॅरियर विकले जातात. वक्षाचा आकार मोठा असलेल्या मातांना हे आश्वासन लवकरच फोल वाटू लागते. पट्टा काखेत रुततो, बाळाचे तोंड योग्य उंचीवर येत नाही आणि एका हाताने स्तनाला आधार दिल्याखेरीज बाळाची पकड टिकत नाही. दोष मातेच्या शरीराचा नसतो. तो बहुधा साधनाच्या निवडीत असतो. मात्र निवडीकडे वळण्यापूर्वी ‘हात मोकळे’ या शब्दांचाच फेरविचार करणे आवश्यक ठरते.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये घरात वावरत असलेली एक माता आपल्या काही आठवड्यांच्या बाळाला कॅरियरमध्येच दूध पाजत होती. काही मिनिटांतच बाळ निपचित पडल्याचे लक्षात आले आणि तीन दिवसांनी ते दगावले. लहान अर्भकाला कॅरियरमध्ये कसे ठेवावे, विशेषतः स्तनपानाच्या वेळी, याची पुरेशी माहिती पालकांना उपलब्ध नसल्याकडे चौकशी करणाऱ्या कॉरोनरने लक्ष वेधले. त्यानंतर तेथील ‘लल्लाबाय ट्रस्ट’ या अर्भक-सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेने अशा प्रकारे हात सोडून दूध पाजणे असुरक्षित असल्याचे स्पष्ट केले. चार महिन्यांखालील, मुदतपूर्व जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळांना हा धोका अधिक असतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानेही २०१० मध्ये झोळीसारख्या स्लिंगबाबत इशारा दिला होता. त्याआधीच्या २० वर्षांत अशा स्लिंगशी निगडित किमान १४ मृत्यू आयोगाला आढळले होते आणि त्यांपैकी १२ बाळे चार महिन्यांपेक्षा लहान होती.

यामागील कारण साधे आहे. पहिल्या काही महिन्यांत बाळाला मान सावरता येत नाही. हनुवटी छातीला टेकली की श्वासमार्ग दुमडतो. नाक स्तनात किंवा कापडात दाबले गेले तर ते स्वतःहून डोके बाजूला घेऊ शकत नाही आणि बहुतेक वेळा आवाजही करत नाही. मोठ्या वक्षाच्या मातांच्या बाबतीत यात दोन गोष्टींची भर पडते. घट्ट कापडाच्या आत स्तनाचा भार बाळाच्या चेहऱ्यावर आणि छातीवर येतो. शिवाय खाली पाहिले असता बाळाचा चेहराच दिसत नाही, आणि ही दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे.

त्यामुळे मान धरू न लागलेल्या बाळाला कॅरियरमधून बाहेर काढून, मांडीवर घेऊन पाजणे हाच योग्य मार्ग होय. त्यात दोन-चार मिनिटे अधिक जातात, एवढेच. पुढेही सर्वांत सुरक्षित पद्धत तीच राहते. थोड्या मोठ्या, मान व पाठ सावरणाऱ्या बाळाला कॅरियरमध्ये पाजण्याची वेळ आलीच, तर बाळ उभ्या स्थितीत असावे, मातेने एका जागी थांबावे, एक हात बाळाच्या आणि स्तनाच्या आधाराला ठेवावा आणि नजर चेहऱ्यावर असावी. स्वयंपाक, जिने चढणे-उतरणे, गर्दीतून चालणे या वेळी पाजणे नकोच. कॅरियरने मातेच्या दंडांवरचा भार हलका करावा. राखण करण्याचे काम त्याच्यावर सोपवता येत नाही.

आता निवड. मोठ्या वक्षाच्या मातांच्या दृष्टीने पाहण्याची पहिली बाब म्हणजे उंची किती सहज बदलता येते. आकार मोठा असल्यास स्तनाग्र बहुधा खालच्या पातळीवर असते. बाळाला एरवी जेथे बांधतात, म्हणजे मातेने मान झुकवली की त्याच्या डोक्याचे चुंबन घेता येईल अशा उंचीवर, तेथून ते स्तनापर्यंत पोहोचत नाही. जड स्तन उचलून बाळाच्या तोंडाशी नेल्यास पकड सुटते आणि खांदा अवघडतो. बाळालाच खाली आणता आले पाहिजे, आणि दूध पिऊन झाल्यावर तितक्याच सहजपणे पुन्हा वर घेऊन पट्टे आवळता आले पाहिजेत.

ही सोय दोन कड्यांतून कापड ओढून घेण्याच्या रिंग स्लिंगमध्ये सर्वांत चांगली असते. एक हात बाळाच्या पाठीशी ठेवून दुसऱ्या हाताने कापड इंच-इंच सैल करता येते. कडी मात्र खांद्याच्या किंचित खाली, गळ्याच्या हाडाजवळ असावीत. ती घसरून वक्षावर आली की ताण नीट बसत नाही आणि टोचतही राहते. सारा भार एकाच खांद्यावर येत असल्याने पाठदुखी असलेल्या मातांना ती फार वेळ मानवत नाही. विणलेल्या कापडाचा लांब रॅप भार दोन्ही खांद्यांवर वाटतो, पण तो बांधण्याची सवय व्हावी लागते. ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडाचा रॅप नवजात बाळासाठी लोकप्रिय असला तरी तो वजनाने खाली ओढला जातो. पाजण्यासाठी सैल केल्यावर पुन्हा घट्ट बसवणे अवघड असल्याने या कामासाठी तो फारसा उपयोगाचा नाही.

बकलच्या कॅरियरमध्ये पट्ट्यांची रचना निर्णायक ठरते. शाळेच्या दप्तरासारखे सरळ पट्टे असतील, तर ते मागे एका आडव्या पट्टीने जोडावे लागतात आणि पुढे वक्षाच्या बाजूला काचतात. पाठीवर फुलीसारखे बांधता येणारे पट्टे अनेकींना सोयीचे वाटतात. पट्टा ओढण्याचे टोक हाताला सहज लागते का, हेही पाहावे. काखेत मागे दडलेले टोक बाळ अंगावर असताना सापडत नाही. कमरपट्टा पोटाऐवजी कटीवर बांधल्यास बाळ आपोआप खाली येते. जाड गादी दुकानात ऊबदार वाटते, प्रत्यक्षात ती बाळ आणि माता यांच्यामधली जागा व्यापते.

चाचणी घेताना रोजची स्तनपानाची ब्रा आणि रोजचाच पेहराव असावा. साडी किंवा ओढणी वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यायला हवी. पाजताना पदर पुढे घेण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. पण कॅरियरवरून पदर ओढला की बाळाचा चेहरा पूर्णपणे झाकला जातो. पदर खांद्यावरून बाजूला घ्यावा, तोंडावरून नव्हे. उन्हाळ्यात एकपदरी सुती कापडच बरे, कारण दोन शरीरांची ऊब एकत्र होते.

बाळ आत बसल्यावर हनुवटी आणि छाती यांत दोन बोटे मावतात का, नाक मोकळे आहे का, पाठ घोळदार झोळीत दुमडलेली नाही ना, हे तपासावे. गुडघे नितंबांपेक्षा किंचित वर आणि मांड्यांना आधार असावा. कॅरियरच्या पट्टीवर दिलेली किमान वजनाची अट अनेक प्रकारांत साधारण साडेतीन किलोच्या आसपास असते. त्यापेक्षा हलक्या बाळाला त्यात ठेवू नये. पिता-पिता बाळ झोपले, तर लगेच स्तनापासून दूर करून, वर घेऊन, चेहरा एका बाजूला वळवावा. त्याचा रंग फिका वा निळसर वाटला, श्वास घरघरला किंवा ते ढिले पडले, तर पट्टे सोडवत बसण्याआधी बाळाला बाहेर काढावे आणि तत्काळ वैद्यकीय मदत मिळवावी.