तिथी न सांगता आलेले तिघे

सूर्यमालेत बाहेरचा पाहुणा आला हे ओळखायचं कशावरून? त्याच्या वाटेवरून. ग्रह, लघुग्रह आणि आपले नेहमीचे धूमकेतू सूर्याला बांधलेले असतात. त्यांच्या कक्षेची उत्केंद्रता, म्हणजे ती वर्तुळापासून किती ताणलेली आहे त्याचं माप, १ पेक्षा कमी असते. हा आकडा १ च्या बराच वर गेला की कक्षा मिटतच नाही. स्वारी एका बाजूने येते, दुसऱ्या बाजूने जाते आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. असे पक्के पाहुणे आजवर तीनच सापडलेत.

पहिला ओउमुआमुआ, उत्केंद्रता १.२. हवाईतल्या हालेआकाला पर्वतावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला तो १९ ऑक्टोबर २०१७ ला दिसला, तोही पाठमोरा! सूर्याला वळसा ९ सप्टेंबरलाच घालून झाला होता आणि पाच दिवसांपूर्वी तो पृथ्वीपासून सुमारे २.४ कोटी किलोमीटरवरून निघूनही गेला होता. सात-आठ तासांत एक गिरकी, आणि तेवढ्यात तेज दहापट कमीजास्त. म्हणजे अंगकाठी एक तर लांबुडकी, नाहीतर चपटी. आला अभिजित ताऱ्याच्या दिशेकडून, पण अभिजितवर आळ घेऊ नका. हा पाहुणा त्या भागात होता तेव्हा, काही लाख वर्षांपूर्वी, अभिजित त्या जागी नव्हताच.

खरी गंमत पुढे. शेपूट दिसत नाही, तरी याचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात बसेना. कुणीतरी हलकेच ढकलत असल्यासारखा. झालं! हार्वर्डचे अवी लोब यांनी हे परग्रहवासीयांचं पातळ शीड असू शकेल असं सुचवलं आणि जगभरच्या बातम्यांना महिनोन्‌महिने पुरेल इतका मसाला मिळाला. २०२३ मध्ये जेनिफर बर्गनर आणि डॅरिल सेलिगमन यांनी साधं उत्तर मांडलं: बर्फात अडकलेला हायड्रोजन उन्हाच्या उबेने निसटला, त्याचाच हा धक्का. मला शिडापेक्षा हा बर्फ जास्त भारी वाटतो. दुसऱ्या कुठल्या तरी सूर्याच्या अंगणात गोठलेला तो!

दुसरा शोधला क्रिमियातल्या गेन्नादी बोरिसोव्ह या हौशी निरीक्षकाने, ३० ऑगस्ट २०१९ ला, स्वतः बनवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून. हा मात्र शेपूटवाला, सरळमार्गी धूमकेतू. कार्बन मोनॉक्साइड भरपूर, वादविवाद शून्य. म्हणूनच बहुधा त्याला फारशी प्रसिद्धी मिळाली नाही.

तिसरा थ्री-आय ॲटलस, १ जुलै २०२५ ला चिलीतल्या ॲटलस दुर्बिणीत सापडलेला. उत्केंद्रता सहाच्या वर! सूर्याची ओढ लागण्याआधीच त्याचा वेग सेकंदाला ५८ किलोमीटर होता. या वेगाने मुंबई-पुणे तीन सेकंदांत, बोरघाटातल्या कोंडीसकट. आपलं व्हॉयेजर-१ बाहेर निघालंय ते सेकंदाला जेमतेम १७ किलोमीटरने. ॲटलस सूर्याजवळ पोचला ऑक्टोबरअखेर, आणि नेमका तेव्हा पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या पलीकडे. मग कामाला आली मंगळाभोवती फिरणारी यानं. ३ ऑक्टोबरला तो मंगळापासून सुमारे तीन कोटी किलोमीटरवरून गेला, तेव्हा त्यांनीच त्याला टिपलं. नोव्हेंबरात तो पुन्हा दिसू लागला आणि माउंट अबूवरच्या आपल्या १.२ मीटरच्या दुर्बिणीनेही त्याला गाठलं. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला त्याच्याभोवती पाण्याच्या वाफेपेक्षा कार्बन डायऑक्साइडच कितीतरी जास्त आढळला. वय सात अब्ज वर्षांहून जास्त असावं, असा एक अंदाज आहे. आपला सूर्य ४.६ अब्जांचा.

जानेवारी २०१४ मध्ये पापुआ न्यू गिनीजवळ पडलेली एक उल्काही दुसऱ्या ताऱ्याकडची, असा लोब यांचा दावा होता. २०२३ मध्ये त्यांनी समुद्राचा तळ खरवडून बारीक गोळ्या वर काढल्या. जागा ठरवताना भूकंपमापकातल्या एका थरथरीचा आधार घेतला होता. ती थरथर जवळच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकची असावी, असं २०२४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं.

परक्या ताऱ्यांची धूळ हातात घ्यायला समुद्रात उतरायची गरजही नाही. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसनला पडलेल्या उल्कापाषाणात सूर्याच्याही आधीचे कण मिळाले. त्यातले काही सुमारे सात अब्ज वर्षांचे.

आता युरोपीय अवकाश संस्थेचं ‘कॉमेट इंटरसेप्टर’ यान या दशकाच्या अखेरीस अवकाशात जाऊन दबा धरून बसणार आहे. सोयीच्या वाटेवर नवखा धूमकेतू दिसला की त्याच्याकडे धाव. नशीब असेल तर तो बाहेरचाही निघेल. तोवर ‘एलियन आले’चा व्हिडिओ फॉरवर्ड झालाच, तर पुढे ढकलण्याआधी पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: उत्केंद्रता किती?