पाट बंद, चारी कोरडी

भंडारदऱ्याचे आवर्तन थांबले की चारीच्या टोकाचे शेत प्रथम सुकते, हे प्रवराकाठी सर्वश्रुत आहे. छातीतील महारोहिणीवर शस्त्रक्रिया करताना ती काही काळ चिमट्याने बंद करावी लागते, तेव्हा तिच्या बारीक शाखांवर जगणाऱ्या मज्जारज्जूची हीच गत होते; रुग्णाचे पाय कायमचे लुळे पडू शकतात. यंत्राद्वारे खालच्या भागास रक्त पुरविणे, शरीर थंड राखणे, मज्जारज्जूभोवतीचा द्रव नळीने काढून दाब घटविणे, हे उपाय आज उपलब्ध आहेत. परंतु धोका नंतरही काही दिवस टिकतो. रक्तदाब घसरू नये म्हणून अहोरात्र पहारा लागतो. तो पहारा रुग्णालयाच्या हिशेबात खर्च दिसतो. लुळ्या पायांचा आजन्म खर्च मात्र कुटुंबाच्या वहीत पडतो. शासकीय आरोग्य योजनांचे दर ठरविताना या पहाऱ्याचे मोल धरलेच पाहिजे.