पाण्याची रेघ

नळी पारदर्शक, अंगठ्याएवढी जाड, दहा मीटर लांब. आत पाणी भरलेलं, आणि त्या पाण्यात शाईचे चार थेंब, उन्हात पातळी दिसावी म्हणून. मिस्त्रींनी नळीचं एक टोक देवळाच्या भिंतीला टेकवलं. त्या भिंतीवर गेरूने ओढलेली एक आडवी रेघ आहे. भादव्यातल्या पुराचं पाणी जिथवर चढलं होतं, ती ही जागा. दुसरं टोक घेऊन त्यांचा पोऱ्या पुढे गेला आणि ओरडला, "अंगठा काढू का?"

देवळापासून मांजींच्या, म्हणजे ज्या बाईंचं घर नव्याने बांधायचं होतं त्यांच्या, पडक्या घरापर्यंत अंतर साठेक मीटर, म्हणजे नळीच्या सहा उड्या. प्रत्येक उडीला कुणाची तरी भिंत नाहीतर विजेचा खांब, त्यावर पेन्सिलीची खूण, मग तिथून पुढे. चालताना दोन्ही टोकांवर अंगठे दाबलेले, मोजताना दोन्ही मोकळी. नळीत एखादा बुडबुडा अडकला तर ती दोन-दोन इंच खोटं बोलते, म्हणून मिस्त्री दर वेळी नळी लांबीभर बोटांनी चेपत, टिचक्या मारत जात. पाण्याची कड नळीला चिकटून जरा वर चढते; वाचायची ती मधली खोलगट जागा. पोऱ्या कड वाचत होता. त्याला दोनदा बोलणी बसली.

सहाव्या उडीनंतर रेघ मांजींच्या अंगणातल्या खुंटीवर आली. टेप लावला. जमिनीपासून दोन फूट दहा इंच. मिस्त्रींनी मनातल्या मनात आठ इंच मिळवले आणि म्हणाले, "जोतं साडेतीन फूट." बोलणं सगळं माळवीत चाललं होतं, मी ते मराठीत सांगतोय. 'ओटला' म्हणजे ओटा, 'कवेलू' म्हणजे कौलं; हे शब्द मात्र मी देवासच्या घरातही तसेच वापरतो.

हे गाव सोनकच्छ तालुक्यातलं, रस्त्यापासून आत, एका नाल्याच्या काठावर. नाला जातो काळीसिंधेला. ती बागलीकडे विंध्यात उगम पावते, सोनकच्छवरून उत्तरेला जाते आणि राजस्थानात चंबळेला मिळते. गावाला नदीचं पाणी थेट लागत नाही. नदी फुगली की नाल्याला आत घेत नाही, मग नाला मागे फिरतो आणि गल्लीत शिरतो. असं पाणी संथ असतं, ओढून नेत नाही. ते दीड दिवस नुसतं उभं राहिलं.

मांजींचं घर मात्र पाणी उभं होतं तोवर उभं होतं. पडलं ते तिसऱ्या दिवशी, ऊन पडल्यावर. २०१९ साली शिरोळ तालुक्यात मी हेच पाहिलं होतं. लोक छावणीतून घरी आले, कुलूप उघडलं, आणि रात्री भिंत बसली. मातीच्या भिंतीचा तळ पाणी पीत राहतो. आतबाहेर पाणी असतं तोवर ते दोन्हीकडून भिंतीला धरून ठेवतं. पाणी उतरलं की आधार गेला, तळचे दोन फूट लापशीसारखे, आणि वर सगळ्या भिंतीचं ओलं ओझं, त्यावर कवेलूचं छप्पर. म्हणून पूर ओसरला की आधी घरात शिरू नये, बाहेरून तळ खणून बघावा. हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरी सगळे आधी आतच जातात. धान्य आत असतं ना.

पंचनाम्याला पटवारी आले. मध्य प्रदेशात या भरपाईला लोक 'छह-चार' म्हणतात. राजस्व पुस्तक परिपत्रकातला हा सहा-चार क्रमांक नुकसानभरपाईचा, आणि तो शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ असतो. पुढे मांजींचं नाव प्रधानमंत्री आवास योजनेच्या यादीत लागलं. मैदानी भागात घराला १ लाख २० हजार, शिवाय रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी. घर किमान २५ चौरस मीटरचं. पैसे हप्त्यांनी येतात, आणि प्रत्येक हप्त्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा. फोटोला जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप चिकटतात. जोत्याचा फोटो, मग लिंटेलचा, मग छताचा. चोरी थांबवायला ही पद्धत चांगलीच आहे, तिची थट्टा करायची नाही. पण काळ्या मातीत घराचं मरण-जगणं जिथे ठरतं, ते फोटोत येत नाही. पाया गाडलेला असतो आणि भराव जोत्याच्या पोटात असतो. इथे पहिला हप्ता २५ हजारांचा, आणि खर्चाचा सगळ्यात अवघड भाग नेमका त्या पंचवीस हजारांत उरकायचा असतो.

मी गावातली योजनेची आधीची घरं टेपने मोजली. जोती एक ते दीड फूट. स्लॅब मात्र एकजात सुरेख.

साडेतीन फुटांचा हिशेब मिस्त्रींनी विटेच्या तुकड्याने फरशीवर मांडला. पंचवीस चौरस मीटर जागा दोन फूट जास्त उचलायची तर पंधरा घनमीटर भराव. धुम्मस मारल्यावर तो दबतो, म्हणून आणायचा अठरा-वीस. ट्रॉलीत साधारण शंभर घनफूट बसतं, म्हणजे मुरमाच्या सहा-सात ट्रॉल्या जास्तीच्या. मांजींच्या मुलाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "पाया खोदून निघालेली माती पडलीय की ही एवढी. तीच भरू."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी त्या ढिगाऱ्यातलं एक ढेकूळ उचललं, रांजणातल्या पाण्यात बुडवलं आणि मुलाच्या हातात दिलं. "धर."

ही काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, मराठवाडा-विदर्भात आहे तीच. भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. वैशाखात इथल्या शेतात अशा भेगा पडतात की पाय घोट्यापर्यंत आत जावा. ती जोत्यात भरली तर पहिल्याच पावसात फरशी उचलेल आणि भिंतींना आतून ढकलेल. आणि घर जितकं हलकं तितका त्रास जास्त, हे अनेकांना उलटं वाटतं. तीन मजली इमारत आपल्या वजनाने मातीला दाबून धरते. मांजींच्या दोन खोल्यांना माती उचलून टाकते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने यावर उपाय काढला होता. जमिनीत खोल भोक पाडायचं, तळाशी ते कांद्यासारखं रुंद करायचं आणि काँक्रीट भरायचं. साडेतीन मीटर खाली माती वर्षभर जवळपास सारखीच ओली राहते, तिथे खांबाची पकड बसते. उपाय पक्का, पण दोन खोल्यांच्या घराला परवडणारा नव्हे.

म्हणून मिस्त्री मुरूम शोधतात. पायाच्या चरात उतरलेला मजूर पहार मारत होता. चार फुटांपर्यंत पहार 'खच्च' करून जात होती. पाच फुटांवर ती 'खण्ण' वाजली. मिस्त्री वर सावलीत बिडी ओढत बसले होते. आवाजावरून त्यांनी बिडी विझवली आणि खाली डोकावले. पिवळट मुरूम लागला होता. नशीब चांगलं. शेजारच्या गल्लीत तो आठ फुटांवरही लागत नाही, तिथे काळी माती काढून जाड थर मुरमाचे भरावे लागतात, तेही सहा-सहा इंचांचे, पाणी मारून, दाबून.

चरावर जोत्याचा पट्टा आला: चार सळया आणि रिंगा, घराला चारी बाजूंनी कंबरपट्ट्यासारख्या. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ नंतर, आपल्याकडे हे आडवे पट्टे खेड्यापर्यंत पोचले. इथे कारण भूकंपाचं नाही. एक कोपरा खचला तर बाकीच्या तिघांनी त्याला धरून ठेवावं, एवढंच. पोऱ्याने रिंगांची टोकं काटकोनात वाकवली होती. मिस्त्रींनी अर्धी टोपली परत केली. टोक आत वळलं पाहिजे, आकड्यासारखं, नाहीतर ओढ बसली की रिंग उघडते.

एका संध्याकाळी मी मांजींच्या मुलाला मोबाइलवर दुसऱ्या सिंधचे फोटो दाखवले. २०२२च्या पुरानंतर पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात एकवीस लाख घरं बांधायची योजना निघाली. घरामागे त्यांचे तीन लाख रुपये, थेट बँक खात्यात, हप्त्यांनी, आणि बांधायचं ज्याचं त्याने. यास्मीन लारी या वास्तुविशारद बाईंनी त्याच प्रांतात बांबू, चुना आणि माती वापरून उंच जोत्यावरची घरं बांधून दाखवली. मुलाने फोटो मोठा करून छप्पर बघितलं नाही, जोतं बघितलं. "यांनी मुरूम कुठून आणला असेल?" मला उत्तर देता आलं नाही.

मुरमाचे पैसे शेवटी जुळले ते कवेलूंमुळे. जुन्या घराचे जेवढे शाबूत निघाले ते मांजींनी अंगणात रचून ठेवले होते. नव्या घरावर पत्रा नको, कवेलूच हवेत, उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव जातो, हा त्यांचा हट्ट. पण योजनेत पक्कं छत लागतं. दोन दिवस धुसफूस झाली. मग एका सकाळी पलीकडच्या गावचा माणूस ट्रॉली घेऊन आला आणि कवेलू मोजून घेऊन गेला. मांजी तेव्हा विहिरीवर होत्या, का मुद्दाम गेल्या होत्या, मला कळलं नाही. तीच ट्रॉली दुपारी मुरूम घेऊन आली.

सात दिवस धुम्मस चालला. ओल्या मुरमावर तो आधी 'भद्द' वाजतो; थर बसला की आवाज कोरडा होतो आणि धुम्मस हातात उडी मारतो. प्रत्येक थराला मिस्त्री टाच आपटून बघत. टाचेचा खळगा उठला की पुन्हा पाणी, पुन्हा मार.

जोतं झालं. साडेतीन फूट. गल्लीतून ते किल्ल्यासारखं दिसायला लागलं आणि शेजारची बाई येऊन भांडून गेली: आता तुमच्याकडून वळलेलं पाणी आमच्याकडे येणार. तिचं खोटं नव्हतं. दोन घरांमधून नाल्याकडे गटार काढायचं ठरलं, खर्च निम्मा-निम्मा. त्यावर अजून बोलणी चालू आहेत.

मग फोटोवाला मुलगा आला. चार फोटो काढले, हप्ता पुढे सरकला म्हणाला, आणि जोतं इतकं उंच का, असं सहज विचारून गेला.

पायऱ्या बांधल्या पाच, वरची उडी जोत्याच्या कडेवर. सिमेंट ओलं असतानाच मांजी चढायला लागल्या. जुन्या घराचा ओटला वीतभर उंच होता. त्यावर बसून त्यांनी चाळीस वर्षं गहू निवडले होते. तिसऱ्या पायरीवर त्या थांबल्या, गुडघ्यावर हात ठेवला, खाली बघितलं. "घर पाण्यापासून वाचवलंस," त्या मिस्त्रींना म्हणाल्या, "आणि मी वर कशी जाऊ?"

मिस्त्रींनी टेप लावला. सात इंचांची पायरी. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग पोऱ्याला हाक मारून थापी मागवली आणि पहिल्या पायरीची ओली वीट हाताने उचलून काढली.

"पाच नको, सात करू," ते म्हणाले. "अंगण दोन हात कमी होईल."

"होऊ दे," मांजी म्हणाल्या, आणि तिथेच तिसऱ्या पायरीवर बसल्या. त्यांना उठवायला मुलगा येईपर्यंत काम थांबलं.