कमी चरबी की कमी कर्बोदके?

भात-पोळी सोडणाऱ्याचे वजन पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरते आणि गैरसमज तिथेच सुरू होतो. कर्बोदकांपासून बनून शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. कर्बोदके तोडली की हा साठा आटतो, म्हणजे आधी पाणीच जाते. चरबी सावकाश हलते.

खरा कस वर्षभरात लागतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस्टोफर गार्डनर यांच्या चमूने ६०९ जणांचे दोन गट केले. एकाला चरबी कमी, दुसऱ्याला कर्बोदके कमी. पहिले आठ आठवडे लक्ष्य कडक, दिवसाला २० ग्रॅम चरबी किंवा कर्बोदके. पुढे ज्याला जेवढे कायम निभावेल तेवढी सूट. निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी घट अनुक्रमे ५.३ आणि ६ किलो, म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशेबात बरोबरीच. कोणाला कोणता आहार मानवेल, हे जनुकांवरूनही सांगता आले नाही. (जनुक-चाचणी करून आहारतक्ते विकणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.) मला सरासरीपेक्षा तफावत बोलकी वाटते: दोन्ही गटांत कोणी तीस किलोंच्या आसपास उतरले, तर काहींचे वजन चक्क वाढले.

काही सूचना मात्र दोघांनाही सारख्याच होत्या: भाज्या भरपूर, साखर-मैदा कमीत कमी, शक्यतो घरचे जेवण. कॅलरी मोजायला सांगितलेच नव्हते, तरी रोजचे खाणे सरासरी पाचशे कॅलरींनी तरी घटले.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर कर्बोदके एकदम तोडू नयेत. रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. औषधाची मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.